दिवाणांचे घराणे : राजा सर टी. माधवराव

चेन्नई शहरातील मैलापूर ही अतिशय जुनी वस्ती आहे. कपालीश्वराचे मंदिर, त्यासमोरचा विस्तीर्ण तलाव आणि मंदिराभोवतीचे चार रस्ते हे या वस्तीचे हृदय होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास इलाख्यातील नामांकित वकील, न्यायाधीश आणि संस्थानांच्या सेवेतून निवृत्त झालेले अधिकारी येथे घरे बांधून राहू लागले. त्यांत तमिळ आणि तेलुगू भाषकांबरोबर काही मराठी कुटुंबेही होती. अशाच एका मराठी गृहस्थाच्या, दिवाणबहादूर रघुनाथराव यांच्या मैलापूर येथील घरी १८८४ च्या डिसेंबर महिन्यात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील सतरा जण एकत्र जमले. संपूर्ण देशासाठी एक राजकीय संघटना असावी, असा विचार त्या बैठकीत झाला, अशी नोंद ॲनी बेझंट यांनी केली आहे. पुढच्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय सभेची स्थापना झाली.

रघुनाथरावांचे चुलतभाऊ माधवराव हेही याच मैलापुरात उत्तरायुष्य घालवीत होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले होते. हैदराबादचे सालारजंग आणि ग्वाल्हेरचे दिनकरराव राजवाडे यांच्या बरोबरीने त्या काळातील थोर प्रशासकांत त्यांची गणना होत असे. त्यांचे वडील दिवाण होते, चुलते दिवाण होते, चुलतभाऊ दिवाण होते आणि पुढे त्यांचे पुत्रही दिवाण झाले. एकाच घराण्याकडे इतकी मोठी पदे कशी आली, आणि नात्यागोत्यांच्या आधाराने वर आलेल्या माणसाने त्या पदांचे काय केले, हे समजून घेण्यासाठी माधवरावांचे चरित्र फार उपयोगी पडते.

तंजावरचे मराठी लोक

माधवरावांच्या इंग्रजी नावातील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे, म्हणजे इंग्रजांच्या ‘तांजोर’चे आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. ही सत्ता १८५५ पर्यंत नावापुरती का होईना टिकून होती. राज्य चालवण्यासाठी हिशेब ठेवणारे, पत्रे लिहिणारे आणि महसुलाची व्यवस्था पाहणारे लोक लागतात. हे काम करणारी अनेक देशस्थ ब्राह्मण कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. घरात मराठी, बाजारात तमिळ, दरबारी कामात मोडी लिपी आणि पुढे इंग्रजी अशा अनेक भाषांत ही माणसे सहज वावरत. तमिळ लोक त्यांना आदराने ‘रायर’ म्हणत.

तंजावरचे राज्य आक्रसत गेले, तशी या कुटुंबांतील कर्त्या पुरुषांनी इतर संस्थानांची आणि कंपनी सरकारची नोकरी धरली. एका राज्यात मिळवलेले कारभाराचे ज्ञान दुसऱ्या राज्यात उपयोगी पडू लागले. माधवरावांच्या घराण्याची कथा ही याच स्थलांतराची कथा आहे. त्यांचे पणजोबा गोपाळपंत आणि आजोबा गुंडोपंत यांनी इंग्रज सरकारच्या व संस्थानिकांच्या सेवेत जबाबदारीची कामे केली होती. गुंडोपंतांचे थोरले पुत्र व्यंकटराव यांना ‘रायरायराय’ असा किताब मिळाला होता. त्यांनी दोन वेळा त्रावणकोरचे दिवाणपद सांभाळले. धाकटे पुत्र रंगराव यांनीही काही काळ तेथील दिवाणपदाचा कारभार पाहिला. या रंगरावांच्या पोटी २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. व्यंकटरावांचे पुत्र रघुनाथराव हे त्यांच्याहून सुमारे दोन वर्षांनी लहान होते.

घराणे आणि पद यांचा असा संबंध जगाच्या इतिहासात अनेक ठिकाणी दिसतो. प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकात दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात. निवडणूक होत असली, तरी ज्यांच्या पूर्वजांनी हे पद भूषविले होते, अशा मोजक्या घराण्यांतील पुरुषच बहुधा निवडून येत. या घराण्यांत पूर्वजांच्या मुखाचे मेणाचे मुखवटे जपून ठेवत आणि अंत्ययात्रेत ते मिरवत. ज्याच्या कुळात पूर्वी कोणी कॉन्सल झाला नव्हता, अशा माणसाला रोमन लोक ‘नवा माणूस’ म्हणत. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये कॉन्सल झालेला प्रसिद्ध वक्ता सिसेरो हा असाच एक नवा माणूस होता. परंतु तो वर आल्यावर त्याचा भाऊ प्रांताधिपती झाला आणि पुढे मुलगाही कॉन्सल झाला. नवा माणूसही एका पिढीत जुने घराणे बनतो, हे यावरून दिसून येते.

संस्थानांच्या दिवाणांची गोष्ट फारशी वेगळी नव्हती. येथे निवडणूक नव्हती; राजाची मर्जी आणि इंग्रज रेसिडेंटची संमती एवढ्यावर पद मिळत असे. अशा वेळी ओळखीच्या, विश्वासू घरातील माणूस जवळचा वाटणे स्वाभाविक होते. त्रावणकोरच्या दिवाणांच्या यादीत १८२१ पासून १८७२ पर्यंत पाहावे तर व्यंकटराव, सुब्बाराव, रंगराव, रेड्डीराव, श्रीनिवासराव, कृष्णराव आणि माधवराव अशी ‘राव’ या उपपदाची रांगच लागलेली दिसते.

नव्या शिक्षणाचे संस्कार

माधवरावांना घराण्याचा वारसा मिळाला होता, तसा आणखी एक नवा वारसाही मिळाला. मद्रासच्या सरकारी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. हेच विद्यालय पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. तेथील प्रमुख अध्यापक आयर बर्टन पॉवेल हे गणिताचे जाणकार होते. पॉवेल यांच्या हाताखाली गणित आणि भौतिकशास्त्र यांत माधवरावांनी विशेष नैपुण्य मिळवले. १८४६ मध्ये त्यांनी तेथील अंतिम परीक्षा उत्तम प्रकारे पूर्ण केली. काही काळ त्याच विद्यालयात अध्यापन करून १८४७ मध्ये ते मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरीस लागले.

पॉवेल यांच्या विद्यार्थ्यांत शेषय्या शास्त्री आणि रामय्यंगार हेही होते. हे दोघेही पुढे त्रावणकोरचे दिवाण झाले. म्हणजे रक्ताच्या नात्याशेजारी आता शाळेचे नाते उभे राहत होते. परीक्षेत चमकलेला तरुण राज्यकारभारासाठी योग्य, अशी नवी समजूत रूढ होऊ लागली होती. माधवराव हे या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभे होते. त्यांना जुन्या घराण्याचा विश्वास लाभला होता आणि नव्या विद्येची शिस्तही अंगी बाणली होती.

१८४९ मध्ये त्यांना त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून बोलावणे आले. ज्या राज्यात वडील व चुलते दिवाण होते, त्याच राज्यात पुत्र शिक्षक म्हणून दाखल झाला. त्यांच्या शिष्यांत आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे दोघे भाऊ होते. दोघेही पुढे महाराज झाले. सुमारे चार वर्षे अध्यापन केल्यावर माधवरावांनी महसूल खात्यात प्रवेश केला आणि लवकरच ते दिवाण-पेशकार झाले. दक्षिणेकडील विभागाची व्यवस्था त्यांनी इतकी चोख लावली की, १८५७ च्या अखेरीस दिवाण कृष्णराव यांचे निधन झाल्यावर वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांच्याकडे दिवाणपदाची सूत्रे आली. पुढच्या वर्षी त्या पदावर त्यांची कायम नेमणूक झाली.

त्रावणकोरची घडी

माधवरावांनी हाती घेतलेले राज्य सुस्थितीत नव्हते. नोकरांचे पगार थकले होते, तिजोरीवर कर्जाचा भार होता आणि कारभार न सुधारल्यास राज्य खालसा करण्याचा इशारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या काळात, १८५५ मध्येच देण्यात आला होता. त्याच सुमारास सातारा, नागपूर, झाशी, अवध अशी एकामागून एक राज्ये कंपनीने गिळंकृत केली होती. त्यामुळे त्रावणकोरच्या दिवाणापुढे केवळ जमाखर्चाचा प्रश्न नव्हता. राज्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न होता.

माधवरावांनी पहिला हात व्यापारावरील बंधनांना घातला. मिरी आणि तंबाखू यांचा व्यापार तोपर्यंत सरकारच्या ताब्यात होता. मिरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आपला माल सरकारने ठरवलेल्या भावानेच विकावा लागे. १८६० मध्ये मिरीचा आणि त्यानंतर तंबाखूचा मक्ता बंद करण्यात आला. मक्त्याऐवजी जकात घेतली जाऊ लागली. १८६५ मध्ये इंग्रज सरकार, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात व्यापारी करार होऊन परस्परांमधील बहुतेक जकाती रद्द झाल्या. अशा उपायांनी उत्पन्न बुडेल, अशी भीती होती. प्रत्यक्षात व्यापार वाढला आणि काही वर्षांतच राज्य कर्जातून मुक्त झाले.

१८६५ मध्येच सरकारी जमिनींविषयी एक महत्त्वाची घोषणा झाली. सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींचा पूर्ण मालकी हक्क देण्यात आला. जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा आणि मुलांना वारसाने देण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला. १८६७ मध्ये खाजगी जमीनदारांच्या कुळांनाही काही प्रमाणात संरक्षण मिळाले. रस्ते, कालवे, न्यायालये आणि शाळा यांवर खर्च होऊ लागला. तिरुवनंतपुरम येथील महाराजांच्या शाळेला १८६६ मध्ये महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. १८६९ मध्ये पूर्ण झालेली कचेरीची भव्य इमारत पुढे केरळ शासनाचे सचिवालय झाली. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी माधवरावांना ‘हिंदुस्थानचे तुर्गो’ म्हटले. तुर्गो हा फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा अर्थमंत्री. धान्याच्या व्यापारावरील बंधने त्याने सैल केली होती.

या सर्व कामांमागे एक सूत्र होते. शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने किंवा नोकराने उद्या काय होईल याची धास्ती न बाळगता जगावे, यासाठी कारभार लिखित नियमांनी बांधला पाहिजे, अशी माधवरावांची धारणा होती.

मात्र जातींच्या उतरंडीच्या बाबतीत हा दिवाण सावध, किंबहुना रूढीला जपणारा होता. त्या काळी दक्षिण त्रावणकोरातील शाणार, म्हणजेच नाडर स्त्रियांना उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे ऊर्ध्ववस्त्र वापरण्याची मोकळीक नव्हती. या प्रश्नावरून १८५८ च्या अखेरीस दंगे उसळले, तेव्हा दिवाणांनी प्रथम जुनी चाल मोडू नये असेच फर्मावले. मिशनऱ्यांच्या तक्रारी आणि मद्रास सरकारचा दबाव यांनंतर १८५९ मध्ये या स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी देण्यात आली. तीही उच्चवर्णीयांच्या पद्धतीचे अनुकरण न करण्याच्या अटीवर. जमिनीच्या हक्काविषयी इतका पुढे पाहणारा प्रशासक माणसाच्या प्रतिष्ठेच्या या प्रश्नात मागे राहिला, हे त्यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

१८६० मध्ये आयिल्यम तिरुनाळ गादीवर आले. राजा शिष्य आणि दिवाण गुरू, असा हा योग होता. अनेक वर्षे दोघांनी एकमताने काम केले. परंतु शिष्य वयाने व अनुभवाने वाढत गेला, तसा गुरूचा शब्द त्याला जड वाटू लागला. मतभेद विकोपास गेल्यावर १८७२ मध्ये माधवरावांनी पद सोडले. त्यांच्या जागी शेषय्या शास्त्री आले. महाराजांनी माधवरावांना निवृत्तिवेतन दिले. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा उभारण्यात आला. त्या पुतळ्यावरून तो चौक ‘स्टॅच्यू’ याच नावाने ओळखला जाऊ लागला.

इंदूर आणि बडोदे

मद्रासला परतलेल्या माधवरावांना फार काळ विश्रांती मिळाली नाही. १८७३ मध्ये तुकोजीराव होळकर यांनी त्यांना इंदूरचे दिवाण म्हणून बोलावून घेतले. दोन वर्षांनी ते तेथून निघाले, तेव्हा त्यांच्या जागी रघुनाथरावांची नेमणूक झाली. मद्रास इलाख्यात डेप्युटी कलेक्टर म्हणून काम केलेला हा चुलतभाऊ पुढे दोन वेळा इंदूरचा दिवाण झाला. घराण्याची साखळी अशी दक्षिणेतून माळव्यापर्यंत पोहोचली.

माधवरावांना इंदूर सोडावे लागण्याचे कारण बडोदे हे होते. तेथे मल्हारराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत राज्याची दुर्दशा झाली होती. रेसिडेंट कर्नल फेर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली. चौकशी मंडळातील तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांत एकमत झाले नाही. तथापि इंग्रज सरकारने १८७५ च्या एप्रिलमध्ये गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले. महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावच्या गायकवाड कुळातील गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. २७ मे १८७५ रोजी हा मुलगा सयाजीराव या नावाने गादीवर बसला. अल्पवयीन राजाच्या वतीने राज्य चालवण्यासाठी माधवरावांना दिवाण आणि रीजंट नेमण्यात आले.

बडोद्यात त्यांनी त्रावणकोरचाच मार्ग अनुसरला. महसूल वसुली मक्त्याने देण्याची पद्धत मोडली, शेतकऱ्यांवरील बोजा कमी केला, न्यायालये आणि पोलीस यांची नवी घडी बसवली, शाळा व दवाखाने उघडले. राजवाड्याचा खाजगी खर्च आणि राज्याचा खर्च वेगवेगळा मोजला जाऊ लागला. ही गोष्ट वरकरणी हिशेबाची वाटते. परंतु राज्याचा पैसा हा राजाच्या घरचा पैसा नव्हे, हे तत्त्व त्यात सामावलेले होते. १८७७ च्या दिल्ली दरबारात माधवरावांना ‘राजा’ हा किताब देण्यात आला; ‘सर’ ही पदवी त्यांना त्यापूर्वीच, १८६६ मध्ये मिळाली होती.

सयाजीरावांच्या शिक्षणाचे मुख्य काम एफ. ए. एच. इलियट यांच्याकडे होते. परंतु राज्यकारभाराचे पाठ खुद्द माधवरावांनी दिले. १८८१ मध्ये, महाराजांना पूर्ण अधिकार मिळण्यापूर्वी, त्यांनी व्याख्यानांची एक मालाच गुंफली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती ग्रंथरूपात आली. प्रजेचे सुख हे राजाचे पहिले कर्तव्य आहे, कायद्याचा मान राजानेही राखला पाहिजे, अधिकारी गुण पाहून निवडावेत आणि एकदा निवडल्यावर त्यांच्या कामात उठल्याबसल्या ढवळाढवळ करू नये, तोंडपुज्या लोकांपासून सावध राहावे, हा त्या व्याख्यानांचा आशय होय. दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने प्रांताधिपती झालेल्या आपल्या भावाला न्यायाने कारभार कसा करावा याविषयी दीर्घ पत्र लिहिले होते. वडीलकीच्या नात्याने दिलेला राजनीतीचा उपदेश म्हणून या दोन लेखनांत साम्य दिसते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर त्रावणकोरचीच पुनरावृत्ती घडली. तरुण महाराजांना स्वतःच्या बुद्धीने राज्य करायचे होते. आपल्या अल्पवयात इंग्रज सरकारशी झालेल्या काही करारांबाबतही ते समाधानी नव्हते. १८८२ मध्ये माधवरावांनी बडोद्याचा निरोप घेतला. ज्या शिष्यांना त्यांनी राज्य करण्यास शिकवले, त्यांच्यापैकी दोघांनी स्वतंत्रपणे राज्य करू लागताच गुरूला दूर केले. यात कडवटपणा होताच. परंतु शिक्षण सफल झाल्याची खूणही होती. याच सयाजीरावांनी पुढे १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिष्य गुरूच्या कितीतरी पुढे गेला.

मैलापुरातील उत्तरायुष्य

बडोद्याहून परतल्यावर माधवराव मैलापुरात राहिले. ‘नेटिव्ह थिंकर’ या टोपणनावाने ते वृत्तपत्रांत लिहीत. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. मलबारमधील जमीनधारणेचा प्रश्न अभ्यासण्यासाठी मद्रास सरकारने नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते.

१८८७ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रास येथे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्वागत समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. त्याच वेळी मद्रासमध्ये सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशनही झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रघुनाथराव हे या परिषदेचे प्रवर्तक होते आणि पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष माधवराव होते. रघुनाथराव हे विधवाविवाहाचे कट्टर समर्थक होते. धर्मशास्त्रांचा आधार घेऊन ते सनातनी पंडितांशी वाद करीत. माधवरावांचा स्वभाव अधिक सबुरीचा होता. एका घरातील दोन भावांपैकी एकाने राज्यव्यवस्था सुधारण्यात आयुष्य वेचले, तर दुसऱ्याने निवृत्तीनंतर समाजव्यवस्थेला प्रश्न विचारले.

राष्ट्रीय सभेशी माधवरावांचा संबंध फार काळ टिकला नाही. कायदेमंडळांत लोकप्रतिनिधी किती आणि कसे असावेत, या प्रश्नावर मतभेद होऊन १८८९ च्या सुमारास ते दूर झाले. उत्तम राज्य हे सुज्ञ प्रशासकांनी प्रजेसाठी चालवावे, अशी त्यांची जन्मभराची श्रद्धा होती. प्रजेने स्वतःच राज्य चालवावे, हा नव्या पिढीचा विचार त्यांना पचला नाही. १८९० च्या डिसेंबरमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूर येथे त्यांचे निधन झाले.

घराण्याची मर्यादा

त्यांच्या निधनापूर्वी तीनच महिने, १८९१ च्या जानेवारीत, त्रावणकोरच्या महाराजांना दहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा एक अर्ज सादर झाला. तो ‘मल्याळी मेमोरियल’ या नावाने प्रसिद्ध आहे. राज्यातील मोठ्या जागा बाहेरून आलेल्या ब्राह्मणांना मिळतात आणि सुशिक्षित स्थानिक लोक डावलले जातात, अशी त्यात तक्रार होती. त्या वेळी दिवाणपदावर रामाराव होते. अर्जावर सही करणाऱ्यांत डॉक्टर पल्पू हेही होते. वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेऊनही केवळ एळवा जातीचे म्हणून त्यांना स्वतःच्या राज्यात नोकरी मिळाली नव्हती. त्यांना म्हैसूर संस्थानात नोकरी करावी लागली. १८९६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एळवा समाजाने स्वतंत्र अर्ज केला.

ही तक्रार न्याय्य होती. ज्या साखळीने माधवरावांसारखा कर्तबगार पुरुष राज्याला दिला, तीच साखळी इतरांसाठी बंद दरवाजा ठरत होती. विशेष म्हणजे तो दरवाजा ठोठावण्याचे बळ नव्या शाळांनीच दिले होते. ‘मल्याळी मेमोरियल’चे एक अग्रणी जी. परमेश्वरन पिल्लै हे तिरुवनंतपुरमच्या महाराजा महाविद्यालयात शिकले होते. माधवरावांच्या दिवाणगिरीत ज्या संस्थेला महाविद्यालयाचा दर्जा मिळाला, तिच्यातील विद्यार्थ्यानेच माधवरावांच्या वर्गाच्या मक्तेदारीला आव्हान दिले. आणि तरीही दक्षिण भारतातील कर्तृत्ववान पुरुषांची इंग्रजीत चरित्रे लिहिताना याच पिल्लै यांनी माधवरावांना त्यात मानाचे स्थान दिले. व्यवस्थेला विरोध करीत असतानाही त्यांनी व्यक्तीच्या गुणांची कदर केली.

माधवरावांचे पुत्र आनंदराव १९०९ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मुख्य अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. लहानपणीच वडिलांना मुकलेल्या आणि शिकवण्या करून शिक्षण पूर्ण केलेल्या विश्वेश्वरय्यांच्या पाठीशी दिवाणांचे घराणे नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात रघुनाथरावांचेही निधन झाले होते. पणजोबा गोपाळपंतांपासून चालत आलेला एक अध्याय १९१२ मध्ये जणू पूर्ण झाला.

घराणे माणसाला संधी मिळवून देते. त्या संधीचे चीज करणे मात्र त्याच्या स्वतःच्या हाती असते. माधवरावांनी आपल्याला मिळालेल्या संधीतून शेतकऱ्याला जमिनीचा हक्क दिला, व्यापार मुक्त केला, राजाच्या मर्जीला नियमांची चौकट घातली आणि शाळा वाढवल्या. ज्याला घराण्याचा आधार नाही, अशा मुलालाही त्या शाळांमुळे पुढे येण्याची वाट थोडीशी मोकळी झाली. ती सर्वांसाठी पूर्णपणे मोकळी करण्याचे काम मात्र पुढच्या पिढ्यांना करावे लागले.

मैलापुरात विसाव्या शतकाच्या आरंभी न्यायमूर्ती रानडे यांच्या स्मरणार्थ एक वाचनालय स्थापन झाले. तमिळ भाषकांच्या या वस्तीत महाराष्ट्रातील एका सुधारकाचे नाव असे जपले गेले. दिवाणांची घराणी आणि संस्थानेही इतिहासजमा झाली. ज्ञानाचे दार सर्वांसाठी उघडे असावे, हा विचार मात्र टिकून राहिला.